ब्रह्मगिरीची फेरी कुटुंबासह : दहा आठवड्यांची तयारी आणि दरवर्षी होणाऱ्या चुका

तिसऱ्या श्रावणी सोमवारी दुपारनंतर त्र्यंबकहून नाशिकला परतणाऱ्या एसटीत चढले, की फेरीत काय चुकते ते न विचारता समजते. कोणी बूट हातात घेऊन बसलेला असतो, कोणाच्या टाचेला रुमाल बांधलेला असतो, एखाद्या आजी दांडा धरून एकेक पायरी तिरकी उतरतात, आणि कुठल्या तरी घरातला एक जण अजून सापडायचा असतो. ही माणसे दुबळी नसतात. त्र्यंबकच्या ब्रह्मगिरी डोंगराभोवतीची लहान फेरी, म्हणजे पायी प्रदक्षिणा, सुमारे २० किलोमीटरची आहे आणि रोज उभ्याने काम करणाऱ्या निरोगी माणसाला ती झेपते. चुकतो तो तयारीचा क्रम. बूट शेवटच्या आठवड्यात घेतले जातात, औषधांचा विचार आदल्या रात्री होतो, आणि चुकामूक झाली तर काय करायचे हे चुकामूक झाल्यावर ठरते.

पुढचे सगळे टप्पे एका कसोटीवर रचले आहेत : कुटुंबातल्या प्रत्येकाला गर्दीत, पावसात, बाकीच्यांशिवाय दोन तास निभावता आले पाहिजे. ज्याला ते जमणार नाही, त्याची जबाबदारी एका ठरलेल्या मोठ्या माणसावर असावी आणि त्या माणसाने दुसरे कोणतेही काम अंगावर घेऊ नये.

येथे फक्त लहान फेरी गृहीत धरली आहे. सुमारे ४० किलोमीटरची मोठी फेरी पहिल्या वर्षी कुटुंबाने करू नये. शिवाय फेरी म्हणजे डोंगराभोवती चालणे. गंगाद्वार आणि ब्रह्मगिरीच्या पायऱ्या चढणे हा वेगळा कार्यक्रम आहे. ‘आलोच आहोत तर तेही उरकू’ हा बेत चौदाव्या किलोमीटरला अंगाशी येतो.

टप्पा १ : कोण चालणार आणि कोणत्या दिवशी

फेरी श्रावणातल्या तिसऱ्याच सोमवारी केली पाहिजे असे घरात कोणी धरून बसले नसेल, तर लहान मुले आणि साठीपुढची माणसे बरोबर असताना पहिला किंवा दुसरा सोमवार घ्यावा. तिसऱ्या सोमवारी लोटणारी गर्दी मुख्यतः चालण्याचा वेग मारते. मोकळ्या रस्त्यावर तासाला साडेचार किलोमीटर चालणारा माणूस गर्दीत जेमतेम तीन चालतो, म्हणजे २० किलोमीटरला विश्रांती धरून सात-आठ तास लागतात. मात्र कमी गर्दीच्या दिवशी वाटेवर चहा-फराळाची दुकाने आणि वैद्यकीय पथकेही कमी असतात, तेव्हा पाणी आणि खाणे दीडपट न्यावे. ज्या वर्षी अधिक श्रावण येतो (जसा तो २०२३ मध्ये आला होता), त्या वर्षी निज श्रावणातले सोमवार मोजावेत. दरवेळी कोणाच्या तरी घरी या मोजणीत घोळ होतो.

दहा वर्षांखालच्या मुलाला पूर्ण फेरीला नेऊ नये, हे माझे मत आहे आणि त्यावर घरात वाद होईल हेही मला ठाऊक आहे. प्रश्न मुलाच्या पायांचा नसतो. मूल दमले की त्याला खांद्यावर घेणारा माणूस पुढच्या तीन किलोमीटरांत स्वतः निकामी होतो, आणि मग एकाऐवजी दोघे अडकतात.

तपासणी : चालताना छातीत दडपण येणे, पूर्वी झालेला हृदयविकार, इन्शुलिन, नुकतीच झालेली गुडघ्याची शस्त्रक्रिया यांपैकी काही असेल, तर दहा आठवडे आधी डॉक्टरांना ‘२० किलोमीटर, उपवास, पाऊस’ असे तिन्ही शब्द सांगून विचारावे. ‘थोडे चालायचे आहे’ असे सांगितल्यास सल्लाही थोड्याच चालण्याचा मिळतो.

टप्पा २ : पाय आणि पादत्राणे (फेरीच्या आधीचा दहावा ते आठवा आठवडा)

पादत्राणे ही पहिली खरेदी असावी, शेवटची नव्हे. जे जोडे घालून फेरी करायची, त्यांनी किमान ६० ते ८० किलोमीटर चाललेले असावे आणि त्यांपैकी काही चाल भर पावसात झालेली असावी. कोरड्या पायाला न घासणारा बूट ओल्या पायाला घासतो, कारण भिजून मऊ झालेली कातडी मोज्याला चिकटते आणि प्रत्येक पावलाला ओढली जाते. फोड त्या ओढीने येतो. कितीही भारी बूट घेतला, तरी त्र्यंबकच्या पावसात तो पहिल्या तासातच आतून भिजणार, हे धरूनच चालावे. म्हणून पाणी आत न येऊ देणारा बूट शोधण्यापेक्षा आलेले पाणी लवकर बाहेर जाऊ देणारा, जाळीचा, तळाला खोल नक्षी असलेला बूट किंवा टाचेला पट्टा असलेली दणकट सँडल बरी. गमबूट घालू नये. साधी रबरी चप्पल चिखलात पायाबाहेर राहते.

बूट संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना घ्यावा. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा उरली पाहिजे, अन्यथा उतारावर नखे काळी पडतात. सुती मोजे पाणी धरून ठेवतात. पातळ नायलॉनचे किंवा खेळाडूंचे मोजे घ्यावेत आणि प्रत्येकाचे तीन जोड ठेवावेत.

अनेक जण अनवाणी चालतात. तो श्रद्धेचा भाग आहे आणि त्यावर बोलणे माझे काम नाही. मात्र अनवाणी चालण्याचा सरावही इतर सरावासारखाच दहा आठवड्यांचा असतो, आणि धनुर्वाताचे इंजेक्शन घेऊन दहा वर्षे झाली असतील तर ते आधी घ्यावे. पिशवीत चपला तरीही ठेवाव्यात. भिजलेल्या तळव्याला खडी टोचते ती कोरड्या तळव्यापेक्षा कितीतरी अधिक.

टप्पा ३ : चालण्याचा सराव

दहा आठवडे मागे मोजले की सुरुवात ज्येष्ठात येते. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकहून पंढरपूरकडे निघते त्या सुमारास पहिले पाऊल पडले पाहिजे. आठवड्यातून चार दिवस तीस-चाळीस मिनिटे आणि रविवारी एक लांब चाल, एवढेच करायचे आहे. रविवारच्या चाली क्रमाने ५, ६, ८, ६, ९, १०, १२, १५ आणि ८ किलोमीटर ठेवाव्यात. चौथ्या आठवड्यात अंतर मुद्दाम कमी केले आहे; तो आळस नव्हे, स्नायू आणि सांधे त्याच आठवड्यात सावरतात. पंधरा किलोमीटरची चाल फेरीच्या दोन आठवडे आधी संपली पाहिजे. शेवटच्या रविवारी, म्हणजे फेरीच्या आदल्या दिवशी, चालूच नये. राहिलेला सराव त्या दिवशी भरून काढणारे लोक सोमवारी सकाळी दमूनच उभे असतात.

जागेची निवड हीच बहुतेकांची चूक असते. नाशिकमधला कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक किंवा गोदापार्क रोजच्या चालीला उत्तम आहे, पण फेरीचा मोठा भाग कठीण रस्त्यावरचा आहे आणि मऊ मातीवर तयार झालेल्या पोटऱ्या डांबरावर लवकर भरून येतात. रविवारची चाल म्हणून डांबरीवर करावी, जसे पहाटे गंगापूर धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, समोरून येणारी वाहने दिसतील अशा उजव्या कडेने. महिन्यातून दोनदा पांडवलेणीच्या किंवा चामर लेणीच्या पायऱ्या कराव्यात आणि चढण्यापेक्षा उतरण्याकडे अधिक लक्ष द्यावे. मांड्या दुखतात त्या मुख्यतः उतारामुळे. सावकाश, पूर्ण पाऊल टेकवत उतरण्याची सवय लागली की दुसऱ्या दिवशीचे दुखणे अर्ध्यावर येते.

वेग मोजायला घड्याळ लागत नाही. चालता चालता पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. वाक्य मध्ये तुटत असेल तर वेग जास्त आहे, आणि आरती खणखणीत म्हणता येत असेल तर थोडा वाढवायला हरकत नाही.

तपासणी : सरावाच्या आठव्या आठवड्यातील १५ किलोमीटरची चाल संपूर्ण कुटुंबाने एकत्र, फेरीचेच कपडे, बूट आणि भरलेली पिशवी घेऊन, शक्यतो पावसात करावी. जो ती पूर्ण करू शकला नाही, त्याने यंदा फेरीला येऊ नये किंवा त्र्यंबकमध्येच थांबावे. हा निर्णय त्याच रविवारी घ्यावा. आदल्या रात्री कोणालाच कोणाचे मन मोडवत नाही.

टप्पा ४ : उपवास, पाणी आणि औषधे

हा टप्पा सर्वाधिक चुकतो, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहिते. श्रावणी सोमवारचा उपवास आणि २० किलोमीटरची चाल एकत्र जमते, पण निर्जळी उपवास आणि चाल जमत नाही. ज्यांचे व्रत निर्जळी आहे, त्यांनी फेरीसाठी दुसरा दिवस धरावा.

उपवासाचे नेहमीचे पदार्थ दोन गटांत मोडतात. साबुदाण्याची खिचडी आणि तळलेले वडे पोट भरल्यासारखे करतात, तहान वाढवतात आणि दीड-दोन तासांत माणूस पुन्हा गळून जातो. उकडलेले रताळे, केळे, खजूर, राजगिऱ्याचा लाडू, दाण्याची चिक्की, दही-भगर आणि दाण्याची आमटी यांवर माणूस अधिक टिकतो. निघण्यापूर्वी दीड-दोन तास भगर-आमटी खावी आणि नंतर भूक लागण्याची वाट न पाहता दर पाऊण तासाने एखादा लाडू किंवा दोन खजूर तोंडात टाकावेत. भूक लागेल तेव्हा खाऊ म्हणणाऱ्याला बाराव्या किलोमीटरला भूक लागतच नाही, नुसती मळमळ होते. भगरीचे पीठ सुटे, उघडे घेऊ नये. ओलसर हवेत भगरीला बुरशी लागते आणि उपवासाच्या दिवसांत भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या येतात त्या बऱ्याचदा त्यामुळेच. भगर पाकीटबंद घ्यावी, तारीख पाहावी आणि घरी निवडून, धुऊन शिजवावी.

पावसात घाम दिसत नाही आणि तहान लागत नाही, तरी पाणी जातच असते. दर अर्ध्या तासाने एक पेलाभर पाणी प्यावे. ओआरएसचे एक लिटरचे पाकीट संपूर्ण एक लिटर पाण्यातच विरघळवावे. अर्धे पाकीट पेल्यात घालून पिण्याची पद्धत चुकीची आहे, त्याने पोट बिघडते. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ घालावे. उपवासाला सैंधव चालते.

बायका मुद्दाम पाणी पीत नाहीत, कारण वाटेवर आडोसा मिळेल याची खात्री नसते. हे घरातल्या पुरुषांना बहुतेक वेळा ठाऊकच नसते. त्यावर उपाय असा, की थांबण्याची ठिकाणे आधीच शौचालयाची सोय पाहून ठरवावीत, दोघी-तिघींनी मिळून जावे आणि अंगभर येणारा, घोंगडीसारखा पांघरायचा रेनकोट जवळ असावा. त्याचा आडोसा उत्तम होतो.

सावधान : मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी उपवास आणि चाल एकाच दिवशी करण्यापूर्वी त्या दिवसाचा डोस डॉक्टरांकडून लिहून घ्यावा. इन्शुलिन आणि ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या नेहमीच्या डोसने घेऊन उपाशीपोटी चालल्यास साखर एकदम उतरते. घाम येणे, थरथरणे, चिडचिड, असंबद्ध बोलणे ही तिची लक्षणे आहेत. पावसात घाम लक्षात येत नाही आणि चिडचिड तर दमलेल्या कुटुंबात सगळेच करतात, म्हणून शंका आली की थांबावे आणि तीन-चार छोटे चमचे साखर पाण्यात घालून पाजावी, पंधरा मिनिटांनी फरक पाहून पुन्हा द्यावी आणि बरे वाटल्यावर काहीतरी खायला घालावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये. कुशीवर वळवून १०८ ला फोन करावा. डोस स्वतःच्या मनाने कमी करणे किंवा बंद करणे हेही तितकेच चूक आहे.

टप्पा ५ : प्रत्येकाची पिशवी प्रत्येकाच्या पाठीवर

एक मोठी पिशवी भरून ती घरातल्या तरण्या मुलाकडे देणे सोयीचे वाटते. तो मुलगा मग मित्रांबरोबर पुढे निघून जातो आणि त्याच्याबरोबर सगळ्यांचे पाणी, टॉर्च आणि औषधेही जातात. म्हणून दहा वर्षांच्या मुलापासून सत्तरीच्या आजोबांपर्यंत प्रत्येकाकडे स्वतःची, लहान, दोन्ही खांद्यांना अडकणारी पिशवी असावी. तीत एक लिटर पाणी, खाणे, स्वतःची दिवसभराची औषधे, टॉर्च, शिट्टी, दोनशे-तीनशे रुपये सुट्ट्या नोटांत, मोज्यांचा एक कोरडा जोड आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कागद असावा. त्या कागदावर नाव, घरातल्या दोघांचे फोन क्रमांक, रक्तगट, आजार आणि औषधे लिहावीत. फोन भिजतो किंवा त्याची बॅटरी संपते. बॉलपेनने लिहिलेला कागद टिकतो. शाईच्या पेनने लिहू नये.

मोठ्यांपैकी एकाकडे अधिकचे सामान असावे : चिकटपट्टीचे रोल, व्हॅसलीन, जंतुनाशक, गुंडाळपट्टी, कात्री आणि एक जाड चादर. पिशवीच्या आत आधी कचऱ्याची मोठी प्लास्टिक पिशवी अंथरावी आणि मग सामान भरावे. बाहेरून घातलेले आवरण पाठीकडून गळते. छत्री नेऊ नये. गर्दीत ती मागच्याच्या डोळ्याशी येते आणि वाऱ्यात उलटते.

नखे चार-पाच दिवस आधी सरळ कापावीत, आदल्या दिवशी नव्हे.

टप्पा ६ : चुकामुकीचा करार

काही वर्षांपूर्वी आमच्या सासूबाई पहिनेच्या पुढे दिसेनाशा झाल्या. मी मागे गेले, हे पुढे गेले, आणि आम्ही दोघे दीड तास एकमेकांनाही सापडलो नाही. सासूबाई त्या सगळ्या वेळात एका चहाच्या टपरीवर, रस्त्याकडे तोंड करून, बाकावर बसून होत्या. त्यांनी मला समोरून दोनदा जाताना पाहिले आणि हाकाही मारल्या, पण गजरात माझ्यापर्यंत काही पोहोचले नाही. तेव्हापासून घरात नियम एकच आहे : पुढच्याने ठरलेल्या गावी थांबावे, मागच्याने चालत राहावे, आणि शोधायला उलटे कोणी फिरू नये.

त्यासाठी थांबण्याची गावे आधी ठरवावी लागतात. वाटेत पहिने, धाडोशी आणि सापगाव लागतात. प्रत्येक गावी नेमके कुठे उभे राहायचे (रस्त्याची कोणती बाजू, कोणती ठळक खूण) हे कागदावर लिहावे. आठ दिवस आधी दिवसाउजेडी जाऊन गाडी जाते तेवढा मार्ग पाहून यावे, म्हणजे खुणा नुसत्या ऐकीव राहत नाहीत. ठरलेल्या जागी पाऊण तास वाट पाहूनही कोणी आले नाही, तरच जवळच्या पोलिसाला सांगावे किंवा ११२ ला फोन करावा.

आणखी एक खूण मुलांनाही शिकवता येते. ही प्रदक्षिणा आहे, म्हणून डोंगर कायम उजव्या हाताला राहिला पाहिजे. डोंगर डावीकडे दिसू लागला, तर आपण वळलो आहोत. ढग उतरले की डोंगर दिसत नाही. अशा वेळी गर्दीच्या दिवशी लोकांच्या ओघाबरोबर राहावे आणि एरवी गावकऱ्यांना विचारावे.

तपासणी : घरातल्या सर्वांत लहान आणि सर्वांत वयस्कर माणसाला नियम स्वतःच्या शब्दांत सांगायला लावावा. ‘हो, कळले’ हे उत्तर धरू नये.

टप्पा ७ : प्रत्यक्ष दिवस

आधी हवामान पाहावे. त्र्यंबकला नाशिक शहराच्या दुपटीहून अधिक पाऊस पडतो आणि हवामान खाते ‘नाशिक’ आणि ‘नाशिक घाट’ असे वेगवेगळे इशारे देते. आपल्या कामाचा घाटाचा इशारा आहे. तो लाल असेल तर फेरी पुढच्या सोमवारी ढकलावी.

रात्री अकराला निघून पहाटे परतण्याची पद्धत तरुणांच्या टोळीला ठीक आहे. कुटुंबाने रविवारी आठ वाजता झोपावे, अडीच-तीनला उठावे आणि त्र्यंबकहून पाचच्या आत चालायला लागावे. ऑगस्टअखेरीस सव्वासहा-साडेसहाला उजाडते, म्हणजे अंधारातली चाल तास-दीड तासच होते. तिसऱ्या सोमवारी नाशिक-त्र्यंबक रस्त्यावर खासगी वाहनांवर निर्बंध असतात आणि एसटीच्या जादा गाड्या सुटतात, म्हणून त्या आठवड्यातली पोलिसांची सूचना वाचूनच जाण्याचे ठरवावे.

त्र्यंबकच्या कुशावर्त तीर्थकुंडावर स्नान करणाऱ्यांनी नंतर पाय, विशेषतः बोटांमधल्या बेचक्या, कोरड्या पुसाव्यात, टाचा, बोटे आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला व्हॅसलीन चोळावे आणि मगच मोजे घालावेत. ओल्या कपड्यांनिशी चालायला लागणे ही जांघा काचण्याची हमी आहे.

पहिला तास मुद्दाम सावकाश चालावे. पहिल्या तासाने थांबून, काही होत नसले तरी, प्रत्येकाने बूट काढून पाय पाहावेत. जेथे कातडी लाल आणि गरम लागते, तेथे फोड तासाभरात येणार असतो. तेथे पाय कोरडा करून सुरकुती न पडू देता चिकटपट्टी लावावी. ‘पुढच्या थांब्यावर बघू’ म्हणणाऱ्याचा फोड पुढच्या थांब्यापर्यंत फुटलेला असतो. फुटलेल्या फोडाची कातडी कापू नये. धुऊन, जंतुनाशक लावून, त्याच कातडीवर पट्टी लावावी. पुढे दर दोन तासांनी मोजे बदलावेत आणि ओला जोड पिळून पिशवीच्या बाहेर अडकवावा.

बसायचे ते दहा मिनिटे, अधिक नाही. भिजलेले अंग वाऱ्यात गार पडते आणि पोटऱ्यांत गोळे येतात. कोणी सतत कुडकुडत असेल, बोटांनी बटण लावता येत नसेल, तर ओले कपडे बदलून, चादर गुंडाळून, गरम चहा द्यावा आणि त्याची फेरी तेथेच थांबवून गाडीने परत आणावे.

सावधान : वाटेवरच्या धबधब्यांत आणि ओहोळांत फोटोसाठी उतरू नये. डोंगरावर पाऊस झाला की खाली न पडताही पाणी मिनिटांत वाढते.

टप्पा ८ : परतीचा प्रवास आणि पुढचे दोन आठवडे

पहाटे अडीच-तीनला उठलेल्या आणि दिवसभर चाललेल्या माणसाने गाडी चालवू नये. एसटीने जाणे उत्तम; खासगी गाडी असेल तर न चाललेला चालक हवा. परतीसाठी कोरडे कपडे वेगळ्या प्लास्टिकमध्ये ठेवावेत आणि एसटीत बसण्यापूर्वीच बदलावेत.

घरी आल्यावर पाय साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या आहेत का ते पाहावे आणि रात्री मोजे घालून झोपू नये. दुसऱ्या दिवशी पडून न राहता वीस मिनिटे सावकाश चालावे. दुखते म्हणून उपाशीपोटी वेदनाशामक गोळी घेऊ नये, आणि मूत्रपिंडाचा किंवा पोटातल्या जखमेचा त्रास असणाऱ्यांनी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. पोटरी एकाच पायाची सुजली, गरम लागली आणि दाबल्यावर दुखली, तर ते साधे दुखणे समजू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

पायाला जखम असताना चिखलाच्या पाण्यातून चालल्याने लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो आणि तो बहुधा एक-दोन आठवड्यांनी, कधी महिन्याभरानेही, तापाच्या रूपाने दिसतो. तोवर घरचे फेरी विसरलेले असतात. ताप, पोटऱ्यांतली तीव्र दुखण, लाल डोळे किंवा कावीळ दिसल्यास डॉक्टरांना ‘त्र्यंबकच्या फेरीत चिखलातून चाललो होतो, पायाला जखम होती’ हे न विचारताही सांगावे. आमच्याकडे त्यासाठी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर फेरीच्या तारखेपासून तीस दिवसांनी एक खूण केलेली असते.